गृहविज्ञानात नापास

जनेल प्रूइटच्या घरात साधं असं काही घडतच नाही. जे घडतं त्याचा धडा होतो. बटाटे चिरले की ते गणित, कारण एका बटाट्याचे चार तुकडे होतात. तळघरात पाणी शिरलं की भूगोल. गेल्या वर्षी म्हातारी शेळी मेली तेव्हा पोरं धाय मोकलून रडत होती आणि जनेल त्यांना शेळीचं पोट किती कप्प्यांचं असतं ते बोटाने दाखवत होती. नवरा ड्वेन व्हॅनखाली आडवा पडून शिव्या देत होता, ते यंत्रशास्त्र. शिव्या तेवढ्या भाषेच्या खात्यात धरल्या नाहीत, एवढा संयम तिने पाळला.

आमच्या मिसूरीत मुलांना घरी शिकवायचं तर कुणाची परवानगी लागत नाही. वर्षाला हजार तास शिकवल्याची नोंद तेवढी आईबापांनी ठेवायची. हजार म्हटल्यावर आमच्यातल्या पुष्कळ आयांची पाचावर धारण बसते. मी स्वतः मे महिना आला की माझ्या तिघांना दिसेल त्या संग्रहालयात कोंबते आणि तास भरून काढते. जनेलचे हजार तास नाताळाच्या आधीच भरलेले असतात. उरलेले महिने ती आम्हाला उपदेश करते.

उपदेश ऐकायला बाया पैसे मोजून येतात, हे विशेष. दर वसंतात राज्यभरच्या घरशाळावाल्यांचं संमेलन भरतं, तिथे जनेलचं भाषण ठरलेलं. ‘सहा मुलं, एक पगार आणि शांत आई.’ मागे पडद्यावर तिच्या स्वयंपाकघराचं चित्र, समोर डोळे पुसत लिहून घेणाऱ्या बाया. पगार हातात आला की ती रोख रक्कम लिफाफ्यांत घालते. किराण्याचा लिफाफा, पेट्रोलचा, बुटांचा, दातांचा. दातांचा लिफाफा नेहमीच सडपातळ असतो, म्हणून तिच्या घरात गोड खायला बंदी आहे, आणि त्या बंदीला आरोग्यशास्त्र म्हणतात. मुलांच्या शिकवण्यांवर तर ती एक डॉलर खर्च करत नाही. व्हायोलिनच्या बाईंना आठवड्याची अंडी. पोहायला फुकट मिळतं, त्या बदल्यात तलावाची झाडलोट. स्पॅनिश शिकायचं तर मेक्सिकन दुकानातल्या डोन्या लूसला पिठाची पोती उतरवून द्यायची आणि उतरवता उतरवता बोलायचं. किती हुशारी, किती नियोजन, असं आम्ही सगळ्या म्हणायचो. अंडी गोळा कोण करतं, तलाव कोण झाडतं आणि पोती कोण उतरवतं, हे तिने भाषणात कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मला ते कळलं एका सप्टेंबरात. टोमॅटो बाटल्यांत भरून ठेवायचं मोठं भांडं जनेलकडून मागून आणायला मी गेले होते. दार उघडंच होतं. आत थोरली टर्झा चुलीशी उभी. वय सतरा, अंगाने सडसडीत, केस पेन्सिलीने वर खोचलेले. एका हाताने मॅकरोनी ढवळत होती, कमरेवर चार वर्षांचा एली, आणि टेबलाशी बसलेल्या बारा वर्षांच्या व्हेरिटीला ती अपूर्णांक सांगत होती. दोन मधले मुलगे फ्रिजवर चढलेले. पंधरा वर्षांचा जोसाया आपल्या खोलीत रोबोट बनवत होता. तो रोबोट गेली दोन वर्षं बनतोय आणि तोवर जोसायाने भांड्यांना हात लावायचा नाही, अशी व्यवस्था आहे.

“मॉम कुठाय?” मी विचारलं.

टर्झाने डावाने बेडरूमच्या बंद दाराकडे दाखवलं. आतून जनेलचा मधाळ आवाज येत होता. ती संमेलनासाठी काहीतरी रेकॉर्ड करत होती. “मैत्रिणींनो, घरातली शांतता ही आईच्या मनातून सुरू होते…” तेवढ्यात फ्रिजवरून एक मुलगा खाली कोसळला. दार फटीएवढं उघडलं. “टर्झा! आवाज!” आणि दार पुन्हा बंद झालं.

“हा कुठला तास?” मी टर्झाला हळूच विचारलं.

“गृहविज्ञान,” ती म्हणाली. “आणि हा पडला ना, ते प्रथमोपचार.”

हसले मी. पण घरी जाताना गाडीत मला हसू येईना. सहा मुलं सांभाळणारी शांत आई मी पाहिली होती खरी, फक्त ती सतरा वर्षांची होती.

आता पुढची गोष्ट कळायला आमची एक रीत सांगायला हवी. आम्ही गावातल्या घरशाळावाल्या आया दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जमतो, एकमेकींच्या मुलांना एकत्र शिकवतो. मे महिन्यात, ज्यांची शाळा संपली त्यांचा समारंभही तिथेच होतो. झगे, चौकोनी टोप्या, केक हे सगळं माझ्या गळ्यात असतं. दाखला मात्र ज्याच्या त्याच्या आईबापांनी द्यायचा. शाळा त्यांची, मुख्याध्यापिका त्याच, परीक्षक त्याच, आणि सही पण त्यांचीच. मूल पास झालं की नाही हे जगात आणखी कुणी ठरवू शकत नाही.

फेब्रुवारीत मी नावं घ्यायला उभी राहिले. दोन आयांनी आपापल्या मुलांची नावं दिली. मागच्या रांगेतून टर्झा उठली, एली अर्थातच कमरेवर.

“मिस कॉरीन, माझंही लिहा.”

जनेल गोड हसली. “अगं, तुझं पुढच्या वर्षी आहे.”

“पण मॉम, नाताळात तूच सगळ्यांना सांगितलंस ना, टर्झाचं सगळं झालंय, ती वर्षभर पुढे आहे म्हणून? मग पुढच्या वर्षी मी दोन वर्षं पुढे असेन. इतकी पुढे गेले तर तुला दिसणारसुद्धा नाही.”

बायांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर पुढे असलेली मुलगी म्हणजे आमच्यात मोठा मान. जनेलनेही वाजवल्या, काय करते बिचारी. मी नाव लिहिलं. जनेलचं हसू जागच्या जागी होतं, पण त्यात आता दातच जास्त होते.

नंतर खुर्च्या उचलताना टर्झाने मला सगळं सांगितलं. शंभर मैलांवरच्या शहरात ट्रकची इंजिनं दुरुस्त करायला शिकवणारी शाळा आहे. तिने अर्ज केला होता, जागा मिळाली होती, राहायला तिथेच सोय होती. जूनच्या आत दाखला दाखवायचा, एवढीच अट. नाहीतर जागा दुसऱ्याला.

“ट्रकच का गं?” मी विचारलं. “तू एवढा छान स्वयंपाक करतेस.”

“ट्रक ‘भूक लागली’ म्हणत नाहीत, मिस कॉरीन.”

“एक वर्ष थांबलीस तर?”

“एक वर्षात मॉम सातवं आणेल,” ती शांतपणे म्हणाली आणि एलीचं शेंबडं नाक आपल्या बाहीला पुसलं.

एप्रिलच्या शेवटी झगे येऊन पडले. मी टर्झाचा झगा इस्त्री करत होते तेव्हाच जनेलचा फोन आला.

“कॉरीन, टर्झाचं नाव काढ यादीतून. वाईट वाटतंय गं, पण मी सगळं पुन्हा तपासलं. तिचे एका विषयाचे तास कमी भरतायत.”

“कुठल्या?”

“गृहविज्ञानाच्या.”

इस्त्री झग्यावर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा उचलली. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला, की मी तो जळका झगा तसाच घेऊन गाडी काढली.

प्रूइटांच्या स्वयंपाकघरात टर्झा कपड्यांच्या डोंगराच्या घड्या घालत होती. जनेल टेबलाशी ताठ बसली होती. मी झगा टेबलावर टाकला.

“जनेल, ही मुलगी गृहविज्ञानात नापास असेल ना, तर अख्ख्या मिसूरीत कुणी पास नाही.”

“तुला कळत नाहीये कॉरीन. मी दर्जाबद्दल बोलतेय. नुसता स्वयंपाक केला म्हणजे गृहविज्ञान होत नाही. नियोजन कोणाचं होतं? लिफाफे कोणाचे? माझे. टर्झाने फक्त हात लावले.”

“फक्त हात!” मी म्हटलं. “बाई गं, हातच तर लागतात!”

टर्झाने एक पायमोजा दुसऱ्यात खुपसला. तिचा आवाज चढला नाही. “म्हणजे मॉम, ते सगळं शिक्षण नव्हतं?”

“काही होतं. काही… घरातली मदत होती. सगळ्याच मुली करतात.”

“एली बाळ होता तेव्हा त्याची लंगोटं मी धुतली, ते?”

“ती मदत.”

“पण तेव्हा तू ते बालसंगोपन म्हणून लिहिलंस. संमेलनात सांगितलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

जनेल झग्याची जळकी जागा बोटाने खरवडायला लागली.

“शिक्षण असेल तर मी पास आहे,” टर्झा म्हणाली. “शिक्षण नसेल तर मी या घरात मोलकरीण होते. दोन्हीतलं एक काय ते ठरव. मी कशालाही तयार आहे, फक्त दर महिन्याला बदलू नकोस.”

फ्रिजवर चढून बसलेले दोघे मुलगे हळूच खाली उतरले.

“आपलं कुटुंब ही एक टीम आहे,” जनेल शेवटी म्हणाली. हे वाक्य तिच्या भाषणातलंच होतं. पडद्याशिवाय ते फारच केविलवाणं वाटलं.

“मग जोसाया कुठल्या टीममधे आहे?” व्हेरिटीने विचारलं.

खोलीतून जोसाया ओरडला, “मला यात ओढू नका! मी काम करतोय!”

“तुझा रोबोट भांडी घासतो का?” व्हेरिटी ओरडली.

“अजून नाही!”

त्याच वेळी ड्वेन कामावरून आला. तो वीज कंपनीत खांबावर चढायचं काम करतो. दिवसभर उंचावर असल्याने असेल, जमिनीवर चाललेल्या गोष्टींत तो सहसा लक्ष घालत नाही. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, टोपी काढली आणि एकच प्रश्न विचारला. “टर्झा जाणार असेल तर माझा डबा कोण भरणार?”

“ड्वेन,” मी म्हटलं, “तू खांबाच्या टोकाला लटकून विजेच्या जिवंत तारा जोडतोस. दोन पावांच्या मधे हॅमचा तुकडा ठेवायला तुला कोण लागतं रे?”

तो विचारात पडला. खरंच विचार करत असावा, कारण नंतर तो बराच वेळ पावाच्या डब्याकडे बघत होता.

मी निघाले तशी जनेल माझ्या मागे गाडीपर्यंत आली. अंगणात कोंबड्या पायांत येत होत्या. तिने हाताची घट्ट घडी घातली होती.

“मी दुष्ट आहे असं वाटतंय ना तुला?”

“वाटतंय,” मी म्हटलं.

“ती गेली की सोमवार येईल, कॉरीन.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “सोमवारी सकाळी सगळे उठतील. आणि मला माहीतच नाही की पुढे काय करायचं असतं. कुठलं पातेलं, कुणाचे मोजे, काहीच नाही. मी तिच्या वयाची होते तेव्हा मला जमायचं गं. मग ती मोठी होत गेली आणि मी… मी त्यावर बोलायला लागले.”

मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीनच राग आला. राज्यभरच्या बाया हिच्या शब्दावर आपलं घर मोडून पुन्हा मांडत होत्या.

“मग शिक की आता,” मी म्हटलं. “घरीच शिकतात ना आपल्याकडे?”

मी नाव काढलं नाही. जळक्या जागी खिसा शिवला. तरी समारंभाच्या दिवसापर्यंत जनेल येईल की नाही, ते मला सांगता आलं नसतं. टर्झाला तर त्याहून नाही. तळघराच्या दाराशी ती तो खिशाचा झगा घालून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. आई आली नाही, तर दाखला नाही. दाखला नाही, तर जून गेला.

जनेल आली. निळा चांगला ड्रेस, केस सेट केलेले. ती आली त्याचं कारण मला पहिल्या रांगेत दिसलं. संमेलन भरवणाऱ्या संघटनेच्या बाई आल्या होत्या. जनेलनेच त्यांना मार्चमधे बोलावलं होतं, आपली वर्षभर पुढे असलेली मुलगी दाखवायला. आता त्यांच्यासमोर मुलगी नापास झाली म्हणून सांगायचं, म्हणजे मुख्याध्यापिकाही नापास. घरकामाची बाई हातची जावी की नाक जावं, असा प्रश्न जनेलपुढे होता. ती नाकाची माणूस आहे, देवाची कृपा.

ती मंचावर गेली आणि बोललीच. आमच्या घरात प्रत्येक क्षण शिक्षणाचा असतो, टर्झा त्याचं फळ आहे, वगैरे. ते फळ शेजारी उभं राहून निमूटपणे ऐकत होतं. मग जनेलने दाखला पुढे केला. टर्झाने धरला, पण जनेलच्या हातून तो सुटेना. दोघी थोडा वेळ तशाच, दोन्ही बाजूंनी धरून. पहिल्या रांगेतल्या बाईंना वाटलं, किती हा जिव्हाळा. त्यांनी फोटो काढला. फोटोसाठी हसायला जनेलने मान वळवली आणि तेवढ्यात टर्झाने दाखला ओढून घेतला.

खाली आल्यावर तिने केक खाल्ला नाही. आधी दाखला माझ्याकडे दिला. “समारंभ संपेपर्यंत तुमच्या पर्समधे ठेवा, मिस कॉरीन.” तिला आईची इतकी खात्री होती.

शनिवारी ती गेली. सोमवारी सकाळी मी भाजलेल्या मॅकरोनीचं मोठं भांडं घेऊन प्रूइटांकडे पोचले. आमच्याकडे घरात कुणी मेलं, जन्मलं किंवा घर सोडून गेलं, की शेजारणीने असं भांडं न्यायचं असतं. या घरात नक्की काय झालंय ते मला ठरवता येत नव्हतं, पण भांडं लागणार हे माहीत होतं.

आत जनेल एप्रन हातात घेऊन व्हेरिटीपुढे उभी होती. ड्वेन ओट्याशी स्वतःचा डबा भरत होता. त्याच्या डब्यात हॅम होता आणि पाव राहून गेला होता.

“व्हेरिटी, आजपासून तुझं गृहविज्ञान सुरू,” जनेल म्हणाली. आवाज भाषणातला.

“चालेल,” व्हेरिटी म्हणाली. “पण सगळे तास धरायचे. आणि रोज रात्री तुझी सही. मी मोजलंय, मॉम, मी चौदाव्या वर्षीच पास होते. टर्झासारखं सतरापर्यंत कशाला थांबू?”

मी भांडं ओट्यावर ठेवायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. जनेलने एप्रनकडे पाहिलं, व्हेरिटीकडे पाहिलं, आणि जोसायाच्या बंद दाराकडे पाहिलं. मग ती गेली आणि ते दार तिने तळहाताने बडवलं. “जोसाया! भांडी!” आतून काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज आला. एप्रन मात्र तिने स्वतःच्या गळ्यात अडकवला. पाठीमागची गाठ तिला जमेना, ती मी मारून दिली.

एली टेबलाशी बसला होता. तोंड गच्च मिटलेलं, डोळे रडून लाल. त्याच्यापुढे ओटची लापशी होती, तिच्या शेजारी अंडं, त्याच्या शेजारी टोस्ट. कशालाच हात लावलेला नव्हता.

“हे पण नको?” जनेल म्हणाली. “मग काय हवंय?” पण ते ती त्याला विचारत नव्हती, छताला विचारत होती. तिने फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि टर्झाला लावला. पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू आली.

“टर्झा, एक मिनिट गं. एली सकाळी काय खातो?”

घरघर थांबली. टर्झाने इंजिन बंद केलं असावं.

“मॉम,” ती म्हणाली, “त्याला विचार ना. चार वर्षांचा आहे तो. बोलतो.”

जनेलने फोन टेबलावर ठेवला. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यावरचं ते भाषणातलं सगळं उतरलं. तिने खुर्ची ओढली, एलीच्या समोर बसली आणि त्याला विचारलं. एलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मग तो सांगायला लागला. त्याला बरंच काही सांगायचं होतं.